रंकाळ्यात दगड टाकला, पण तरंगलांबी दर वेळी वेगळी का येते?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसायला नको. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावरून तू मुठीएवढा दगड पाण्यात टाकलास, मोबाइलवर व्हिडिओ काढलास आणि पाण्यावर तरंगत सोडलेल्या लाकडी फूटपट्टीवरून वलयांमधली अंतरं काढलीस. बाहेरच्या दोन वलयांत साडेनऊ सेंटीमीटर आले, आतल्या दोनांत सहा, आणि अर्ध्या सेकंदानंतरच्या फ्रेममध्ये पुन्हा तिसरेच आकडे. पुस्तक म्हणतं, तरंगलांबी म्हणजे लगतच्या दोन शिखरांमधलं अंतर. मग प्रोजेक्टच्या जर्नलमध्ये यातली खरी म्हणून कोणती लिहू, की सरळ सरासरी काढू, असं तू विचारलंयस. आणि जाता जाता खाली एक ओळ टाकलीयस: कॉलेजात रेझोनन्स ट्यूबच्या प्रॅक्टिकलला (नळीतल्या हवेत आवाज घुमवून त्याची तरंगलांबी काढतात ते) हवेच्या स्तंभाच्या दोन-दोन लांब्या कशाला घ्यायला लावतात, पहिलीला चारने गुणलं की झालं की!

सरासरी काढू नकोस. तुझं मोजमाप अगदीच चुकलंय असं मला वाटत नाही. ज्या लाटेची तरंगलांबी तू शोधतोयस तिला एक तरंगलांबी नाहीच, हा खरा घोटाळा आहे. आणि ती शेवटची ओळ तू सहज लिहिलीस, पण तिचं उत्तर जास्त कामाचं आहे. तिकडे येतोच.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली, बहुतेक काळ पहिल्या वर्षाच्या पोरांची प्रॅक्टिकलं घेण्यात. तू त्याच वर्षाला आहेस म्हणून ‘तू’ म्हणतोय, राग मानू नकोस. तोंडी परीक्षेला माझा एक ठरलेला प्रश्न असायचा. फळ्यावर एक नागमोडी रेघ काढायची आणि विचारायचं, यातली तरंगलांबी दाखव. शंभरातली नव्वद पोरं झटकन पुढं येऊन दोन शिखरांवर बोट ठेवायची. मग मी विचारायचो, आडव्या अक्षावर काय आहे? अक्षावर मी मुद्दाम काहीच लिहिलेलं नसायचं. तिथं सेंटीमीटर असतील तर ते बोट तरंगलांबीवर आहे, सेकंद असतील तर आवर्तकालावर, म्हणजे एका फेऱ्याला लागणाऱ्या वेळेवर. चित्र हुबेहूब तेच, पण एक आहे सगळ्या पाण्याचा एका क्षणी काढलेला फोटो, आणि दुसरी आहे एकाच जागी बसून वर-खाली होणाऱ्या बुचाची नोंदवही. तू फ्रेम थांबवून मोजलंस, म्हणजे फोटोवरच मोजलंस. तेवढं तुझं बरोबर आहे.

आता पुस्तकातल्या व्याख्येबद्दल. लगतची दोन शिखरं हे तिचं सोपं रूप झालं. नीट सांगायचं तर लाट जिथून हुबेहूब पुन्हा सुरू होते तिथपर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी. शिखर ते शिखर धर, दरी ते दरी धर, नाहीतर उतारावरच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या तशाच उतारावरच्या बिंदूपर्यंत धर, आकडा तोच यायला हवा. तो तसा येत नसेल तर लाट पुन्हा तशीच्या तशी येतच नाहीये. रंकाळ्यावर तुझं नेमकं हेच झालं.

ही लांबी ठरवतं कोण? वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती लाटा (हर्ट्झ), हे ठरवतो उगम. वेग ठरवतं माध्यम. तरंगलांबी बिचारी या दोघांच्या भागाकारातून जे उरेल ते घेते: वेग भागिले वारंवारता. ५१२ हर्ट्झचा नादकाटा हवेत वाजवला तर त्याची लहर साधारण ६८ सेंटीमीटरची, तोच सूर पाण्यात गेला तर जवळजवळ तीन मीटरची, कारण पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास धावतो. आमच्या लहानपणी रेडिओच्या डायलवर मीटरचे आकडे छापलेले असायचे. सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर लागायचं, म्हणजे प्रकाशाच्या वेगाला त्याने भागलं की सुमारे २४० मीटर. घरातल्या कोणालाही ते मीटर कशाचे हे ठाऊक नव्हतं, पण सुई कुठं थांबवायची ते बरोबर ठाऊक होतं.

या भागाकारात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे माध्यमात सगळ्या वारंवारता एकाच वेगाने जातात. हवेतल्या आवाजाला हे लागू पडतं. लांबच्या गल्लीतून मिरवणूक येत असली तरी हलगी आणि घुमकं ठेक्यातच ऐकू येतात. हलगीचा तीक्ष्ण आवाज आधी आणि घुमक्याचा जाड आवाज मागाहून, असं होत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर मात्र हे बिलकूल लागू नाही. तिथं प्रत्येक लांबीच्या लाटेचा वेग वेगळा. साडेनऊ सेंटीमीटरची लाट खोल पाण्यात सेकंदाला सुमारे ३९ सेंटीमीटर जाते, सहा सेंटीमीटरची ३२ च्या आसपास. लांब लाटांना मुख्यतः गुरुत्वाकर्षण ओढतं, आणि त्यांच्यात जितकी लांब तितकी वेगवान. साधारण १.७ सेंटीमीटरच्या खाली गेलं की पृष्ठताणाचं, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाला असलेल्या ताणाचं, राज्य सुरू होतं आणि नियम उलटतो: जितकी बारीक तितकी वेगवान. मधली ती १.७ सेंटीमीटरवाली सगळ्यांत मंद, सेकंदाला २३ सेंटीमीटर.

आता दगडाकडे बघ. दगड पाण्याला एक धक्का देतो. त्या एका धक्क्यात कुठला एक सूर नसतो, लहान-मोठ्या सगळ्या लांब्यांच्या लाटा एकदमच सुटतात. पंचगंगेच्या घाटावरून पोरांचा घोळका एकदम धावत सुटला तर थोड्या वेळाने जे दिसेल तेच इथं होतं: दमदार पोरं पुढं, बारकी मागं. म्हणून तुझ्या बाहेरच्या वलयांत अंतर जास्त आणि आतल्यांत कमी. साडेनऊ आणि सहा हे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. अर्ध्या सेकंदाने ते बदलले, कारण दरम्यान घोळका आणखी पांगला. त्यांची सरासरी काढलीस तर पावणेआठ येईल, आणि ती पाण्यातल्या कुठल्याही वलयाचं नीट वर्णन करणार नाही.

व्हिडिओ उघडून आणखी एक गंमत बघ. अख्ख्या जथ्याकडे न बघता एकाच वलयावर बोट ठेव आणि फ्रेमा एकेक करून पुढं सरकव. ते वलय जथ्याच्या मागच्या कडेला उगवेल, मधून वाट काढत पुढं येईल, आणि सगळ्यांच्या पुढं आलं की विरून जाईल. खोल पाण्यातल्या लांब लाटांमध्ये एकेक शिखर जथ्याच्या दुप्पट वेगाने पळतं, त्यामुळे असं होतं. मी ही गोष्ट नोकरीला लागल्यानंतर कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली, रंकाळ्यावर भेळ खाता खाता. तोवर नुसती शिकवत होतो.

तुझ्या आकड्यांत मात्र एक शंका राहते. फूटपट्टी काठाला समांतर तरंगत होती की तुझ्याकडे टोक करून, हे तू लिहिलेलं नाहीस. तू काठावर उभा, म्हणजे पाण्याकडे तिरकं बघत होतास. तिरकं बघितलं की तुझ्या दिशेची अंतरं आखडलेली दिसतात; पाण्याशी ३० अंशाचा कोन असेल तर निम्मीच. डावी-उजवीकडची अंतरं मात्र आखडत नाहीत. पट्टी आडवी आणि वलयं मोजलीस स्वतःच्या दिशेची, असं झालं असेल तर तुझे सगळे आकडे कमी आलेत. पट्टी ज्या दिशेला, मोजणी त्याच दिशेला, आणि पट्टी वलयांच्या शक्य तितकी जवळ. एवढं तपासून घे.

मग पाण्यावरच्या लाटेची एकच, ठाम तरंगलांबी मोजायचीच असेल तर? उगम एका सुराचा पाहिजे. घरी होण्यासारखं सांगतो. पसरट परात घे आणि आधी राखेने नाहीतर साबणाने घासून भरपूर पाण्याने धू. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर पृष्ठताण उतरतो आणि आकडा बदलतो. दीड-दोन सेंटीमीटर पाणी ओत. कडेने ओला टॉवेल गुंडाळून ठेव, नाहीतर लाटा काठावर आपटून परत येतात आणि सगळा गोंधळ होतो. गॅरेजवाल्याकडून गाडीचा एखादा जुना स्पीकर मिळव, त्याच्या कागदी शंकूच्या मध्यावर आइस्क्रीमची काडी चिकटव, आणि काडीचं टोक जेमतेम पाण्याला टेकेल असा तो स्टँडवर बांध. मोबाइलवर सूर काढणारं कुठलंही फुकट अ‍ॅप घालून ३० हर्ट्झचा सूर छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरला दे. दुसऱ्या मोबाइलने बरोबर डोक्यावरून, ३० फ्रेमवर, व्हिडिओ काढ.

३० हर्ट्झ मुद्दाम सांगतोय. एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत लाट नेमकी एक घर पुढं सरकते आणि आधीच्या शिखराच्या जागी पुढचं शिखर येऊन बसतं. स्क्रीनवर पाणी थिजल्यासारखं दिसतं. मोबाइलचा दर तंतोतंत ३० नसतो, म्हणून वलयं गोगलगायीसारखी पुढं किंवा मागं सरकताना दिसतील. सरकू देत, अंतर बदलत नाही. आता पट्टी लावून दोन वलयांमधलं अंतर मोजू नकोस. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत मोज आणि दहाने भाग. स्वच्छ पाण्यात ते साडेआठ सेंटीमीटरच्या जरा पुढं यावं, म्हणजे तरंगलांबी साधारण साडेआठ मिलिमीटर. शिखराची कड ओळखण्यात तुझी मिलिमीटरभर चूक होणारच. ती एका लाटेवर पडली तर बारा टक्के, दहा लाटांवर वाटली गेली तर एक-सव्वा टक्का. नंतर २० हर्ट्झ लाव, आणि लांबी बारा मिलिमीटरच्या आसपास जाते का बघ. वारंवारता दीडपट कमी झाली तरी लांबी दीडपट वाढत नाही, कारण वेगही बदलला. वर सांगितलेला पृष्ठताणाचा खेळ तुझ्या परातीत दिसतोय तो असा.

रंकाळ्यावर वारा सुटला की उठणाऱ्या मोठ्या लाटांसाठी पट्टी लागतच नाही. जलपर्णीचा एखादा सुटा गड्डा तरंगताना दिसला की त्याचे वर-खाली होण्याचे दहा फेरे घड्याळावर मोज. दहाने भागलं की आवर्तकाल. त्याचा वर्ग करून १.५६ ने गुणलं की मीटरमध्ये तरंगलांबी. दहा फेऱ्यांना आठ सेकंद लागले तर लाट एक मीटरची. पाणी लाटेच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल असलं म्हणजे हे चालतं. अगदी काठाच्या पायरीवर चालणार नाही.

आता रेझोनन्स ट्यूब. इथं जरा बैस, कारण हे प्रॅक्टिकल मी सगळ्यांत जास्त वेळा घेतलंय आणि सगळ्यांत जास्त वेळा चुकलेलं पाहिलंय.

नळीत पाणी असतं, पाण्याच्या वर हवेचा स्तंभ. तोंडाशी वाजता नादकाटा धरायचा आणि पाण्याची पातळी हळूहळू उतरवायची. एका जागी आवाज एकदम फुलतो. तिथं स्तंभाची लांबी लहरीच्या एक चतुर्थांशाएवढी, असं पुस्तकातलं चित्र सांगतं. म्हणून तुझं ‘चारने गुणा’. पण हवेची हालचाल नळीच्या काठाशी बरोबर संपत नाही, ती थोडी बाहेर उसळते. किती, तर नळीच्या आतल्या व्यासाच्या ०.३ पट. तीन सेंटीमीटरची नळी असेल तर ०.९ सेंटीमीटर. हा तुकडा पट्टीवर दिसत नाही, पण लहर तो मोजते. पातळी आणखी उतरवली की पाऊण लहरीला आवाज पुन्हा फुलतो, आणि तिथंही तेवढाच तुकडा बाहेर असतो. दुसरीतून पहिली वजा केली की तो तुकडा उडाला, उरली निव्वळ अर्धी तरंगलांबी. दोन लांब्या घेतात त्या यासाठी.

आता एक प्रसंग सांगतो. एका वर्षी परीक्षेला एका मुलीने ५१२ च्या नादकाट्यावर पहिली लांबी घेतली, १६.१ सेंटीमीटर. चारने गुणून ६४.४, आणि वारंवारतेने गुणून आवाजाचा वेग ३३० मीटर. पुस्तकात ३३१. एवढं जवळचं उत्तर पाहून तिचा चेहरा खुलला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही मान डोलावली. मी म्हटलं, दुसरी पण घे. ती आली ५०.०. वजाबाकी ३३.९, दुप्पट ६७.८, आणि वेग आला ३४७. पोर रडवेली झाली. “सर, आधीचं बरोबर होतं, आता चुकलं.” मी भिंतीवरचा थर्मामीटर दाखवला. २८ अंश. पुस्तकातला ३३१ हा शून्य अंशाला आहे. दर अंशाला ०.६ मीटर वाढतो, म्हणजे आमच्या खोलीत तो ३४८ च्या घरात असायला हवा. पहिल्या उत्तरात नळीच्या तोंडाची चूक होती, आणि पुस्तकाचा आकडा वापरताना तापमानाची. दोन चुका एकमेकींच्या गळ्यात गळा घालून ‘बरोबर’ उत्तर घेऊन आल्या होत्या. मुलीला पूर्ण मार्क मिळाले. मला मात्र त्या दिवसापासून पुस्तकाशी फारच जुळणारं रीडिंग दिसलं की आधी थर्मामीटर बघायची खोड लागली.

हाताच्या काही गोष्टी सांगतो, पुस्तकात त्या एका ओळीत उरकतात. नादकाटा टेबलाच्या कडेवर आपटू नकोस. रबराच्या पॅडवर मार, नाहीतर काटे वाकतात, सूर सरकतो, आणि वरचा ५१२ चा शिक्का खोटा पडतो. नळीच्या काठाला काटा टेकू देऊ नकोस. त्या किणकिणाटात खरा आवाज हरवतो. पातळी उतरवताना जिथं फुलते ती जागा लिही, मग चढवताना कुठं फुलते ती लिही. दोन्हींत दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघेल, मधला आकडा घे. आणि ३४७.१३६ असं उत्तर लिहू नकोस बाबा! लांब्यांच्या फरकात एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला की वेगात एक मीटरचा फरक पडतो. मग दशांशानंतरचे ते तीन आकडे कुठल्या भांडवलावर?

२५६ चा काटा दिला तर एक मीटरच्या नळीत दुसरी जागा सापडत नाही. ती १०१ सेंटीमीटरवर येते, नळीच्या खाली. आमच्याकडे एकाने ती ९८ वर ‘ऐकली’ होती. शेजारच्या बॅचच्या दोघांनीही ऐकली होती. मी तिघांनाही नळीसमोर उभं करून ती जागा पुन्हा ऐकवायला सांगितलं.

या नळीत पळणारी लहर नसते, ध्यानात आलं का? जाणारी आणि पाण्यावरून परतणारी लहर मिळून जागच्या जागी उभी राहिलेली लहर असते. तिच्यात काही जागा कायमच्या स्तब्ध असतात, त्यांना निस्पंद म्हणतात, आणि लगतच्या दोन निस्पंदांत अर्धी तरंगलांबी असते. दिसायला पळती लहर सोपी, पण पट्टी लावायला उभीच बरी, कारण ती थांबते. हाइनरिख हर्ट्झने १८८८ च्या सुमारास कार्लस्रूहला विद्युतचुंबकीय लहरी अशाच पकडल्या. भिंतीवर जस्ताचा पत्रा लावून लहर परतवली, तारेचं एक कडं हातात घेऊन पत्र्यापासून मागं-मागं सरकत गेला, आणि कड्याच्या फटीतली ठिणगी कुठं विझते ते बघत राहिला. विझण्याच्या जागा कामाच्या, कारण आवाज किंवा ठिणगी सर्वांत मोठी कुठं आहे हे ठरवताना डोकं गडबडतं, पण गायब कुठं झाली हे लगेच कळतं. वाहत्या पाण्यातही अशा थांबलेल्या लहरी सापडतात. पंचगंगेच्या जरा वेगाच्या धारेत एखादी काठी उभी धर. काठीच्या पुढच्या बाजूला, प्रवाहाच्या तोंडाकडे, बारीक सुरकुत्या जागच्या जागी उभ्या दिसतील. त्या पाण्याच्याच वेगाने वर चढत असतात, म्हणून काठावरून स्थिर दिसतात. फूटपट्टी खुशाल लाव.

प्रकाशाचं तू विचारलं नाहीस, पण वर्षाच्या शेवटी ते प्रॅक्टिकल येणारच, म्हणून थोडक्यात. लाल लेझर पॉइंटरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटरच्या आसपास असते, एका मिलिमीटरमध्ये दीड हजारांवर लहरी. पट्टी लावायचा प्रश्नच नाही. मग ज्याची अंतरं आधीच ठाऊक आहेत अशा बारीक रेघोट्यांवर प्रकाश पाडायचा आणि तो किती कोनातून फाकतो ते मोजायचं. घरात जुनी सीडी असेलच. तिच्यावरच्या रांगांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असतं. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून लेझर सीडीवर सरळ पाड, पुठ्ठा आणि सीडीमध्ये ५० सेंटीमीटर ठेव. पुठ्ठ्यावर भोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका पडेल. भोकापासून एका ठिपक्यापर्यंत मोजू नकोस, डाव्या ठिपक्यापासून उजव्यापर्यंत मोज आणि निम्मं कर. सीडी जराशी कलली असेल तर एक बाजू थोडी वाढते, दुसरी थोडी घटते, आणि निम्मं करताना ती चूक बहुतेक निघून जाते. नळीतल्या वजाबाकीची ही सख्खी बहीणच. दोन ठिपक्यांत ४४ सेंटीमीटरच्या जरा वर आले तर कोन २४ अंश, आणि त्याच्या साइनला १.६ ने गुणलं की ०.६५ मायक्रोमीटर. लेझर डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नकोस, आणि सीडीवरून उडालेली तिरीप कुठं जातेय ते आधी बघून घे.

कॉलेजात सोडियम दिवा आणि ग्रेटिंग, म्हणजे अशाच बारीक रेघोट्यांची पट्टी, मिळेल. ग्रेटिंगवर १५,००० असा रेघांचा आकडा छापलेला असतो, तो बहुतेक दर इंचाचा असतो. दरवर्षी कोणीतरी तो सेंटीमीटरचा धरतो आणि पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटरऐवजी २३२ काढून आणतो. मी विचारायचो, दुर्बिणीतून पिवळी रेघ दिसली का? दिसली, सर. मग २३२ तर अतिनील झालं, तुला ते दिसलं कसं? तिथं पोरगं स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायचं.

आणि हो, लाल लेझर पाण्यात गेला तर तरंगलांबी ६५० ची ४९० च्या आसपास होते. तो हिरवा-निळा होतो का, असा पुढचा प्रश्न येतोच. होत नाही. वारंवारता तीच राहते, आणि डोळा शेवटी वारंवारतेलाच दाद देतो. म्हणून प्रकाशाची तरंगलांबी सांगताना हवेतली की पाण्यातली, हे विचारायचं असतं.

‘दहा मोजा आणि दहाने भागा’ हे फक्त परातीपुरतं समजू नकोस. १९६० पासून १९८३ पर्यंत मीटरची व्याख्याच अशी होती: क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या मिळून एक मीटर.

राहिला तुझ्या प्रोजेक्टच्या जर्नलचा प्रश्न. रंकाळ्याची रीडिंग्ज खोडू नकोस. फ्रेमची वेळ, जथ्यातलं कितवं वलय आणि अंतर, असे तीन रकाने करून आहेत तशी लिही. वर शीर्षक ‘तरंगलांबी’ देऊ नकोस, ‘वलयांमधलं अंतर’ दे. पट्टी कुठल्या दिशेला होती तेही लिही, आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही. त्याखाली परातीचा प्रयोग घे, २०, ३० आणि जमलं तर ४० हर्ट्झवर, पाण्याचं तापमान नोंदवून. स्पीकर ३० हर्ट्झला नुसता फडफडला आणि काडी पाण्यातून वर यायला लागली तर आवाज कमी कर. तरीही जमलं नाही तर काडी अर्धी कापून बघ. हलकी झाली की बहुतेक वेळा ऐकते.